सुरेखा मावशीची खुन्नस

पोरगं जिवंत आहे. आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत ही गोष्ट कुणाच्याही तोंडून ऐका, शेवटपर्यंत तुम्हाला टांगून ठेवतात, मध्येच डोळे पुसतात, पदर तोंडाला लावतात आणि मग सांगतात की वाचलं हो बिचारं. बिचारं म्हणायची लई हौस या लोकांना. तर सत्यम वाचला, त्याचं हार्टचं ऑपरेशन झालं, आणि परवा त्यानं मला खडा मारला, नेम धरून.

आता माझ्या मावशीबद्दल. सुरेखा मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. मुकुंदवाडीत राहते. मी सिल्लोडची, बी.कॉम.ला इथं आले तेव्हापासून तिच्याकडंच आहे. ती पाळणाघर चालवते. चालवते म्हणजे काय, खालच्या दोन खोल्यांत चटया टाकते आणि नोकरीवाल्या बायांची पोरं सकाळपासून संध्याकाळपर्यंत सांभाळते. बोर्ड नाही, भिंतीवर फुलपाखरं नाहीत, खेळणी म्हणजे डबे न् झाकणं. आणि तोंड असलं की विचारू नका. आमच्या आजोळी, दौलताबादला, रस्त्याच्या कडेला सीताफळांचं टोपलं लावायचे, त्याच्यापाशी लहानपणी मावशीला बसवायचे. कुणी पर्यटक भाव पाडून मागायला लागला की ही म्हणायची, घ्यायचं तर घ्या नायतर लांबून किल्ला बघा, तो फुकट आहे. तिथं जे तोंड सुटलं ते अजून बंद झालेलं नाही.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आमच्या कॉलेजातल्या एका मॅडमच्या कानावर सत्यमची गोष्ट गेली आणि त्या सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या की बघा, सामान्य घरातली बाई किती निःस्वार्थ सेवा करते. माझं डोकंच फिरलं. कसली सेवा? खुन्नस होती ती. आणि ही खुन्नस नसती तर ते पोरगं आज कुठं असतं माहीत नाही, म्हणून खुन्नसला सेवा म्हणून तिची लाज काढू नका एवढंच.

खुन्नस होती गीताबाईशी. गीताबाई समोरच्या घरात राहते आणि तिचंही पाळणाघर आहे. तिचा बोर्ड आहे, 'मायेची सावली', त्याच्यावर दात काढून हसणारं सूर्यफूल. आवाज एवढा गोड की मुंग्या लागाव्यात. सगळ्यांना बाळा म्हणते. एकदा आमच्या काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, बाळा म्हणाली, काका वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर आहेत, मिशा आहेत त्यांना. या दोघी आधी मैत्रिणी होत्या, शहागंजला जोडीनं साड्या घ्यायला जायच्या. मग एका संक्रांतीला मावशीनं हळदीकुंकवात वाण म्हणून प्लास्टिकच्या साबणदाण्या वाटल्या, आणि पुढच्या संक्रांतीला गीताबाईनं मावशीला वाण दिलं ती तीच साबणदाणी. कोपरा उडालेली. मावशीनं ओळखली. मावशी म्हणते की तिला मुद्दाम दिली, गीताबाई म्हणते चुकून आली. त्यानंतर दोघींचं बोलणं फक्त सणावाराला, कारण हळदीकुंकवाला शेजारणीला न बोलावून चालत नाही. एवढ्याशा साबणदाणीवरून इतकी वर्षं. सांगितलं ना, थोर वगैरे काही नाही इथं.

तर मागच्या दिवाळीनंतर रूपा आली गल्लीत. रूपा शहागंजात साड्यांच्या दुकानात आहे, काउंटरवर. नवरा वाळूजला शिफ्टमध्ये. त्यांचं पोरगं सत्यम, तेव्हा साडेतीन वर्षांचं, पण दिसायला दोनचं. ओठ जांभळे, नखं जांभळी. त्याच्या हार्टला जन्मापासून भोक, आणि फुप्फुसाकडं जाणारी वाट अरुंद. अंगणवाडीत तपासणीला गाडी येते, त्यातल्या डॉक्टरीणबाईला कळलं. मग घाटीत, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, ऑपरेशन सरकारी योजनेतून मुंबईला होणार होतं, पण नंबर लागायला वेळ होता आणि तोपर्यंत त्याचं वजन वाढवायचं होतं, रक्त वाढवायचं होतं. तोपर्यंत त्याला ठेवायचं कुठं, हा रूपाचा प्रश्न. आधी सासू सांभाळायची, ती गावी निघून गेली, म्हणाली मला धास्ती वाटते. नोकरी सोडली तर घर चालत नाही. दुसरं पाळणाघर होतं त्यांनी हात जोडले.

म्हणून रूपा गीताबाईच्या दारात उभी. मी आणि मावशी समोर ओट्यावर मेथी निवडत होतो, सगळं ऐकू येत होतं. गीताबाईनं पोराच्या गालावरून हात फिरवला, बोटं मोडली, विचारलं की तू पोटुशी असताना ग्रहणात बाहेर पडली होतीस का गं. रूपानं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग गीताबाई म्हणाली, "माझं काळीज लई हळवं आहे गं. मला असलं बघवत नाही. नायतर ठेवलं असतं."

बघवत नाही म्हणे. पोराचं हार्ट बिघडलेलं आणि हळवं हिचं.

रूपा वळली. तेवढ्यात मावशीनं मेथीची जुडी खाली टाकली आणि मोठ्यानं, म्हणजे गीताबाईला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "ए बाई, इकडं आण ते पोरगं. आमचं काळीज दगडाचं आहे, आम्हाला बघवतं."

मी मावशीकडं बघत राहिले. तिला त्या आजाराचं नावसुद्धा माहीत नव्हतं, आजही नाही, ती त्याला 'ते भोकाचं' म्हणते. रूपानं ओट्यावर बसून सगळं सांगितलं. गोळी चुकवायची नाही. पाणी कमी पडू द्यायचं नाही. खेळता खेळता तो मध्येच उकिडवा बसतो, बसू द्यायचं, त्यानं त्याला बरं वाटतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे जास्त वेळ रडू द्यायचं नाही. फार रडला की निळा पडतो, श्वास लागतो, बेशुद्धसुद्धा पडतो. तसं झालं तर गुडघे पोटाशी घेऊन धरायचं आणि तसंच दवाखान्यात पळायचं.

मावशी म्हणाली, "म्हणजे रडवायचं नाही. एवढंच ना?"

एवढंच. जिच्या ओरडण्यानं गल्लीतली कुत्री उठून जागा बदलतात तिनं हे म्हणावं. मला वाटलं दोन दिवसांत परत देईल.

पहिला आठवडा वाईटच गेला. सत्यम हुशार होता, त्याला घरीच कळून चुकलं होतं की आपण ओठ काढला की सगळे पळतात. इथंही त्यानं ओठ काढला. दुसऱ्याच्या हातातलं झाकण पाहिजे. मावशीनं दिलं नाही. ती नाहीच देत कुणाला. पण ओठ थरथरायला लागला तशी मावशी एकदम उभी राहिली, पदर तोंडावर घेतला, मान वाकडी केली आणि गीताबाईच्या आवाजात, सेम टु सेम, म्हणाली, "बाळा, माझं काळीज लई हळवं आहे गं." सत्यम थांबला. बघत राहिला. मग हसला. मावशीनं परत केलं, चालायची नक्कल केली, बोटं मोडायची केली, सगळी पोरं लोळायला लागली.

झालं, तेव्हापासून तेच औषध. रडू यायला लागलं की गीताबाई. गीताबाई जुनी झाली की कोपऱ्यावरचा पिठाच्या गिरणीवाला. मग काका. मग मी, मी फोनवर बोलते कशी त्याची नक्कल, जी अजिबात तशी नाही. गल्लीतलं एक माणूस सुटलं नाही. आणि पोरगं जेवायला लागलं, कारण मावशी म्हणायची की हा घास कुणाच्या नावानं, आणि तो ज्याचं नाव घेईल त्याची ती अशी खेचायची की हसता हसता घास आत. दुसरीकडं लोक काऊचा घास चिऊचा घास करतात. आमच्याकडं शेजाऱ्यांची निंदा.

उकिडवं बसायचं तर सगळ्या पोरांनी उचललं. हा धावता धावता बसला की बाकीचेही बसायचे, त्यांना वाटलं खेळाचा नियमच आहे. दहा पोरं अंगणात उकिडवी. मावशी दारातून म्हणायची, "बसा. सगळे रांगेत बसा, डबे घेऊनच जा." परत हसणं.

हे सगळं बरं चाललं होतं तर लोकांना पोटात दुखायला लागलं. यांचं पुढारपण करुणाताईकडं. करुणाताई म्हणजे आमच्याकडं येणाऱ्या संस्कृती नावाच्या पोरीची आई, घरी शिकवण्या घेते, बोलताना इंग्रजी शब्द असे पेरते जसे वांग्यात दाणे. एका शनिवारी तीन-चार आया घेऊन आली. म्हणाली की आमचं काही ऑब्जेक्शन नाही, पण मुलांच्या मनावर इम्पॅक्ट होतो. संस्कृती घरी उकिडवी बसते. मुलांसमोर उद्या काही झालं तर. आणि दुसरी एक बाई मागून हळूच विचारते, लागण होत नाही ना याची? हार्टच्या भोकाची लागण. मला तोंड उघडायचं होतं, मावशीनं माझ्या पायावर पाय दिला.

मावशी शांतपणे म्हणाली, "बोरन्हाण होऊ द्या. मग बोलू."

तर आमच्याकडं संक्रांतीनंतर लहान पोरांचं बोरन्हाण करतात, काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने घालायचे, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या, उसाचे तुकडे ओतायचे आणि बाकीच्या पोरांनी ते लुटायचे. मावशी दरवर्षी पाळणाघरातल्या सगळ्या पोरांचं एकदम करते, त्याच दिवशी दुपारी हळदीकुंकू उरकते. करुणाताईचं म्हणणं होतं सत्यमला त्या दिवशी घरीच ठेवा, धक्काबुक्कीत काही व्हायचं. मावशीनं त्याला मुद्दाम मधोमध बसवला. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, बारीक मान. त्याला इतकं भारी वाटत होतं की तो मान हलवतच नव्हता, मुकुट पडेल म्हणून. रूपा सकाळी बघून गेली, दुकानात लग्नसराईची गर्दी, सुट्टी मिळाली नाही.

डोक्यावर बोरं पडली, पोरं तुटून पडली, सत्यमनं पण लुटलं. मूठभर चुरमुरे आणि एक बोर. मग दमला आणि कोपऱ्यात उकिडवा बसला. रोजचंच. ओठ जरा जास्त निळे होते, पण दोन मिनिटांत येतो जाग्यावर, आम्हाला सवय होती. मावशी पुढच्या खोलीत कुंकू लावत होती आणि कुणी काय साडी घातली ते बघत होती. मी तिळगूळ वाटत होते.

आणि गीताबाईला, वर्षातून एकदा आमच्या घरात पाऊल टाकणाऱ्या गीताबाईला, तेवढ्यात माया आली.

तिनं त्याला उचललं. कुणाची तरी दृष्ट लागली गं बाळाला, बघा कसं काळंनिळं पडलंय लेकरू. करुणाताई पुढं. ही शिकवण्या घेते, लक्षात असू द्या. दोघींनी त्याला स्वयंपाकघरात नेलं, आमच्याच डब्यातल्या लाल मिरच्या काढल्या, मीठ, मोहरी, सगळं त्याच्यावरून ओवाळलं आणि गॅसवर तवा ठेवून त्याच्यात टाकलं. आणि दृष्ट बाहेर कुणावर जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. खिडकीपण लावली.

आता यातला नियम सगळ्यांना माहीत असतो, मिरच्या जळून ठसका लागला नाही तर दृष्ट होती समजायचं. इथं तर पुढच्या खोलीत आम्ही पण खोकायला लागलो. म्हणजे त्यांच्याच नियमानं दृष्ट नव्हती, विषय संपला, बाहेर या. पण नाही. मी दार ढकलून आत गेले तेव्हा गीताबाई डोळे पुसत पुसत सांगत होती, "आपल्याला ठसका लागतो, त्याला बघ लागत नाय. लई कडक आहे गं."

त्याला ठसका लागत नव्हता कारण त्याच्यात ठसका द्यायलाही जोर उरला नव्हता. तो रडत होता पण आवाज येत नव्हता. तोंड उघडं आणि रंग असला की मी तो सांगणार नाही.

मग जे झालं ते बघून मला माणसांची किळस आली, खरंच. कुणीतरी म्हणालं फिट आली. कुणी कांदा फोडून नाकाला लावला. कुणी चप्पल आणायला पळालं. त्याला स्वयंपाकाच्या ओट्यावर आडवं टाकलं, भोवती सगळ्या बाया, हवा कशी जाणार, आणि तो पोरगा गुडघे पोटाशी ओढत होता. डोळे फिरलेले, पण पाय आपोआप वर येत होते. आणि या दोघी, एक या बाजूनं एक त्या बाजूनं, ते पाय खाली दाबत होत्या. पाय सरळ कर बाळा. सरळ कर राजा. तो वर ओढतोय, या खाली दाबतायत. किती मायेनं दाबत होत्या.

मावशी आली. माझ्या खांद्यावरून वाकून तिनं एकदाच बघितलं. गीताबाईचा हात मनगटाला धरून असा झिडकारला की बांगड्या फुटल्या.

"सोड त्याचे पाय."

एवढंच बोलली. खाली फरशीवर बसली, त्याला मांडीवर घेतला, गुडघे त्याच्या छातीला टेकवून घट्ट धरला. मी खिडकी उघडली, गॅस बंद केला. सगळ्या बाया बोलत होत्या आणि मावशी गप्प. मी तिला कधी गप्प बघितलं नव्हतं.  त्या गप्प बसण्याचीच मला जास्त भीती वाटली.

रिक्षा मिळाली. मी पुढं ड्रायव्हरजवळ, ती मागं त्याला तसंच गुंडाळून. हलव्याचा मुकुट अजून त्याच्या एका कानाला लटकलेला. सिडकोच्या पुलावर ट्रॅफिक लागलं, आणि मागून मला आवाज आला. मावशी गीताबाईची नक्कल करत होती. "बाळा, माझं काळीज लई हळवं आहे गं." घसा बसलेला, आवाज जमत नव्हता, मध्येच तिचा स्वतःचाच आवाज निघत होता. परत म्हणायची. मग गिरणीवाला. मग काका. तो हसला नाही. तिनं घाटी येईपर्यंत थांबवलं नाही.

तिथं डॉक्टरांनी पटकन घेतलं. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. मावशीनं गुडघे सोडले नाहीत, ते म्हणाले बरोबर आहे, तसंच धरा. हळूहळू रंग आला. म्हणजे नेहमीचा जांभळा, पण तो जांभळा बघून आम्हाला देव दिसला. रूपा दुकानातून तशीच पळत आली, ब्लाउजला टाचण्या टोचलेल्या, गळ्यात टेप. ती सरळ सत्यमच्या खाटेपाशी गेली. मावशीच म्हणाली, "माझ्या घरात झालं. मला शिव्या घाल." रूपाला शिव्या येत नाहीत. ती नुसती शेजारी बसली.

आता ऐका गल्लीचं. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो तर गोष्ट तयार होती. गीताबाईनं दृष्ट काढली म्हणून पोरगं वाचलं. एवढी कडक होती की उतरताना पोराला त्रास झाला, पण उतरली. नायतर खपलंच होतं. आणि अशा पोराची आई लग्नसराईत साड्या विकायला जाते, काय काळीज म्हणावं. हे मला भाजीवालीनं सांगितलं, मी समोरच उभी होते तिथं, त्या तव्यासमोर. मी भाजीवालीशी भांडले. काय उपयोग. दुपारपर्यंत चौकात सगळ्यांना गीताबाईचीच गोष्ट पाठ.

आणि सोमवारी पोरं आली नाहीत. संस्कृती आली नाही, बाकीची आली नाहीत. सगळी समोर. 'मायेची सावली' फुल्ल. पोराला धुरात कोंडणाऱ्या बाईकडं पाठवली आणि पोराला घेऊन पळणाऱ्या बाईकडून काढली. करुणाताईनं मेसेज टाकला, नथिंग पर्सनल. खाली हात जोडलेले.

आमच्याकडं एकच पोरगं. रूपा संध्याकाळी आली आणि उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली की उद्यापासून मी दुकान सोडते, तुमचं सगळं बसलं माझ्यामुळं. काकांनी पेपरमागून हुं केलं, त्यांना पटलं होतं. मावशीनं त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी पेपर अजून वर घेतला.

"सोडून काय करशील?" मावशी म्हणाली. "दिवसभर त्याच्या तोंडाकडं बघत बसशील. त्याच्या आधी तूच मरशील. उद्या येताना त्याचा स्वेटर आण, गार पडलंय."

"पण मावशी, एका पोरासाठी..."

"ती गीती रोज गॅलरीतून बघती मी कधी पाळणाघर बंद करती. तिच्या डोळ्यादेखत बंद करू का?"

खुन्नस. मी सांगितलंच होतं. सकाळी उठून हॉस्टेलच्या पोरांसाठी पोळ्या लाटायला लागली, आणि दिवसभर एका पोरासाठी अख्खं पाळणाघर उघडं ठेवायची, चटया सगळ्या टाकायची, समोरून दिसलं पाहिजे म्हणून. ओट्यावर बसून त्या एकट्या पोरावर एवढं ओरडायची की लोकांना वाटावं वीस आहेत. "ए, इकडं ये. ए, ते ठेव खाली." आणि तो खी खी हसत.

उन्हाळ्यात मुंबईहून फोन आला. ऑपरेशन झालं. ते दिवस मी लिहीत नाही, मी तिथं नव्हते आणि जे नव्हते तेच त्याबद्दल जास्त बोलतात. पावसाळ्यात आला तेव्हा ओठ गुलाबी होते. मी त्याला ओळखलंच नाही. अंग भरलं, छातीवर मधोमध व्रण, आणि तो सगळ्यांना शर्ट वर करून दाखवायचा. डॉक्टरांनी सांगितलं की आता धावू द्या, खेळू द्या, दमला की त्याचा तोच थांबेल, उगाच धरून ठेवू नका.

आणि गणपतीनंतर रूपानं त्याला गीताबाईकडं घातलं.

मी पेटले. माझी रूपाशी भांडायची पूर्ण तयारी होती. ती खाली मान घालून मावशीला सांगत होती की तो रात्रंदिवस पोरं पाहिजेत म्हणतो, तुमच्याकडं आता दुसरं कुणी नाही. मी मध्ये म्हणाले की कुणामुळं नाही ते पण सांग ना. मावशीनं मलाच झापलं. म्हणाली पोरं तिथं आहेत तर तिथंच जाईल, इथं काय माझं थोबाड बघत बसंल? मग मी म्हणाले की तू एवढं केलंस त्याचं काय. तर म्हणे मी काय केलं, गीतीला दाखवायचं होतं, दाखवलं. आणि पोळ्यांना लागली. पोळ्या जाड झाल्या त्या दिवशी, हॉस्टेलच्या पोरांनी तक्रार केली.

चार-पाच दिवस ती ओट्यावर बसली नाही. मग एका दुपारी मला म्हणाली की तू तशीही दुकानात चाललीस तर समोर जरा डोकावून ये, दार उघडं असतं तिचं. मी डोकावले. अंगणात पोरांची पकडापकडी चाललेली, आरडाओरडा, आणि सूर्यफुलाच्या बोर्डाखाली एका लाल प्लास्टिकच्या खुर्चीत सत्यम. हात मांडीवर. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. गीताबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, ऑपरेशनवालं लेकरू आहे, आम्ही लई जपतो, खाली पायसुद्धा ठेवू देत नाय. एका बाईनं येऊन त्याच्यावरून हात ओवाळले. तो बाकीच्यांकडं बघत होता, आणि ते धावत जवळून गेले की त्याचे पाय खुर्चीतल्या खुर्चीत हलायचे.

मी येऊन सांगितलं. मावशीचे हात कणकेचे होते. धुतलेपण नाहीत. चप्पल घातली आणि रस्ता ओलांडला, मी मागं.

गीताबाई म्हणाली, "ये गं सुरेखा, बस." मावशीनं तिच्याकडं बघितलंच नाही. सरळ खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"ऊठ."

सत्यमनं आधी गीताबाईकडं बघितलं. पाचच दिवसांत पोराला परवानगी मागायची सवय लागली होती. मावशी म्हणाली, "तिच्याकडं काय बघतोस? माझे गुडघे दुखतात. मला बसायचंय. ऊठ म्हणते ना."

तो उठला. मावशी बसली, खुर्ची करकरली. आता तो अंगणात उभा, बसायला जागा नाही. मावशीनं आजूबाजूला बघितलं, संस्कृती सापडली, तिला बोट केलं. "ए संस्कृती, राज्य कुणावर आहे?" संस्कृती म्हणाली अनुजवर. मावशी म्हणाली, "संपलं त्याचं. आता सत्यमवर. पळा."

पोरं पांगली. सत्यम दोन पावलं चालला, मग अजून दोन, मग सुटला.

"काही झालं तर जबाबदारी कुणाची?" गीताबाईचा आवाज पहिल्यांदा गोड नव्हता.

"पडला तर गुडघा फुटंल. हळद लाव. आहे ना घरात, का तीपण माझ्याकडनं देऊ?"

तो पडला. चिखलात, दाणकन. उठला, आमच्याकडं बघितलंच नाही, परत पळाला. गीताबाईनं तोंडावर पदर घेतला. मावशी तशीच बसून. मला वाटलं आता उठेल, आता उठेल, घरी कणीक वाळत होती. नाही उठली. दुसऱ्या दिवशीही दुपारी जाऊन त्याच खुर्चीत बसली, तिसऱ्याही. शेजारीण घरात येऊन बसलीये म्हटल्यावर गीताबाईला चहा टाकावाच लागला. मावशीनं पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली की साखर कमी आहे.